एकाच शेतातल्या दोन गोण्या

१९ जानेवारी, रविवार

विमा एजंट गौसभाई दरवर्षी डायरी देतात आणि दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. यंदा लिहायची ठरवली आहे. चैतालीला दिवस गेलेत, तिसरा महिना लागलाय. लग्नाला तीन वर्षं झाली, घरच्यांचे डोळे लागले होते आणि माझेही. गणिताचा मास्तर म्हणून माणूस कोरडा असतो असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणू देत. परवा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी रिक्षावाल्यालाही सांगितलं.

संध्याकाळी तिला जत्रेला, गड्ड्यावर नेलं. एका दुकानात आकड्यांचं मोठं चाक होतं, सात आला की स्टीलचा डबा. आमच्या पुढचा एक गडी हटून बसला होता, मघापासून सात आलेला नाही म्हणजे आता येणारच म्हणून. मी चैतालीच्या कानात सांगितलं, मागं काय आलं ते चाकाला आठवत नसतं, प्रत्येक फेरी नवी. याला स्वतंत्र घटना म्हणतात. ती म्हणाली, "मामा, हितं तरी शाळा सोडा की." मागचा माणूस फिस्सकन हसला आणि तिनं जीभ चावली.

चैताली माझ्या थोरल्या बहिणीची, मायाक्काची मुलगी. आमच्यात बहिणीच्या मुलीवर मामाचा पहिला हक्क, त्यात नवल काही नाही. लहानपणी तिला पाटीवर अक्षरं मीच गिरवून दिली. चार लोकांत ती 'अहो' म्हणते, पण घाईत किंवा भ्याली की जुनीच हाक तोंडात येते. मला ती आवडते, हे तिला सांगितलेलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

अक्का वळसंगहून आली. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि सूचनांचं गाठोडं घेऊन. मायाक्का माझी बहीण आणि सासूही, त्यामुळे रागवायचं कुणी आणि मान द्यायचा कुणी हे आमच्या घरात कधी ठरत नाही. शिवलिंगप्पा दाजी आले नाहीत, ज्वारी काढणीला आलीय.

चैतालीच्या पोटावर हात ठेवून अक्का म्हणाली, येडू परत येतोय. येडू म्हणजे चैतालीच्या पाठचा भाऊ. जन्मला तेव्हा गुटगुटीत होता. पुढं पांढराफटक पडत गेला, हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं मोठं. गावच्या डॉक्टरनं लोहाच्या बाटल्या दिल्या. चार वर्षांचा होऊन गेला. अक्का म्हणते दृष्ट लागली. मी म्हणतो कुपोषण, त्या दुष्काळात पोराला काय धड मिळत होतं? तिच्यापुढं अर्थात म्हणत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

चैतालीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तिच्या रक्तात थॅलेसेमियाचा दोष आहे, पण ती नुसती वाहक आहे. तिला स्वतःला त्रास नाही, कधी होणारही नाही. मात्र मुलाचा बापही वाहक निघाला तर मुलाला मोठा आजार होऊ शकतो. त्याच्या अंगात नीट रक्तच तयार होत नाही, जन्मभर बाहेरून द्यावं लागतं. मग विचारलं, लग्न नात्यातलं का? मी म्हणालो, होय, भाचीच माझी. मॅडमनी ते कागदावर लिहिलं, त्याभोवती पेनानं दोनदा गोल केला आणि म्हणाल्या, "सर, तुमचं रक्त उद्याच्या उद्या द्या."

येताना चैतालीनं रिपोर्ट पिशवीतून दोनदा काढून पाहिला. घरी आल्यावर मी कागद घेतला. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय, आपल्याकडे साधारण पंचवीस माणसांत एक वाहक असतो. ती वाहक आहे, हे झालं. मी वाहक असण्याची शक्यता पंचवीसात एक. दोघंही असलो तर मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तिचं रक्त तिचं, माझं माझं, म्हणजे घटना स्वतंत्र. स्वतंत्र घटनांच्या शक्यतांचा गुणाकार करायचा. शंभरात एक.

कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं विचारलं, "शंभरात एक म्हंजे आपण न्हाई, व्हय ना?" मी म्हणालो, शंभरातले नव्व्याण्णव आपण. तेव्हा कुठं ती जेवली.

२९ जानेवारी, बुधवार

रक्त दिलेलं नाही. खरं कारण इथं लिहायला हरकत नाही. चौकातल्या लॅबमध्ये माझाच जुना विद्यार्थी बसतो, हुशार पण तोंडाचा फाटका. सरांच्या रक्तात काय दोष आहे का बघायचंय, ही बातमी कॉलेजात माझ्या आधी पोचेल. शंभरात एक शक्यतेसाठी एवढा तमाशा कशाला? बारावीच्या परीक्षेचं मार्गी लागलं की देईन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अकरावीला आज स्वतंत्र आणि अवलंबी घटना घेतल्या. नेहमीचंच उदाहरण. एका पिशवीत पाच तांबडे आणि तीन पांढरे चेंडू. एक काढून परत टाकला तर दुसरी खेप स्वतंत्र, न टाकता दुसरा काढला तर अवलंबी, कारण आतलं बदललं. पोरांना हे कळतं. मग म्हणालो, पिशव्या दोन असतील आणि प्रत्येकीतून एकेक चेंडू काढला तर प्रश्नच नाही, स्वतंत्र.

आफरीन नावाची एक मुलगी पुढच्या बाकावर बसते. तिच्या वडिलांचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा आहे. तिनं हात वर केला. म्हणाली, "सर, एका गोणीत नासका कांदा निघाला, तर अब्बा त्याच शेतकऱ्याची दुसरी गोणी पण उघडतात. दुसऱ्या कुणाची उघडत नाहीत. मग एकाच शेतातल्या दोन गोण्या स्वतंत्र कशा?"

प्रश्न झकास होता. मी सांगितलं, पुस्तकात पिशवीत काय आहे ते आधीच दिलेलं असतं, म्हणून स्वतंत्र. तुझ्या अब्बांना आत काय आहे ते माहीत नसतं. एक गोणी उघडल्यावर त्यांना दुसरीबद्दलही काही कळतं, म्हणून त्यांच्यापुरत्या त्या अवलंबी. मुलं माना डोलवत होती. शेवटी म्हणालो, असलं परीक्षेला येत नाही, लिहून घेऊ नका. आजचा तास फार चांगला झाला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बारावीची परीक्षा, सुपरव्हिजन. पोरांच्या बाह्या तपासून जीव मेटाकुटीला आला. दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेला, वर्गात असल्यानं घेतला नाही. परत केलाही नाही. चैतालीच्या उलट्या थांबल्यात, तिला आता बाजार आमटी खावीशी वाटतेय. अंगावर तेज आलंय. अशा बाईच्या पोटात काही वाईट असेल असं कुणाला वाटेल?

२२ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी आज मला चांगलंच झापलं, बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू गेलं असेल. महिना वाया घालवलात म्हणाल्या. मी माझा हिशोब सांगितला. त्या म्हणाल्या, "सर, पंचवीसात एक हे रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाचं आहे. तुमचं तसं नाही. तुम्ही तिचे मामा आहात." मी हसलो. मामा झालो म्हणून गुणाकार बदलतो का? बहुतेक बारावीनंतर डॉक्टरांचा गणिताशी संबंध राहत नाही.

पण रक्त दिलं, तिथंच, त्यांच्यादेखत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मीही वाहक आहे.

१ मार्च, शनिवार

आज मॅडमनी कागदावर आमच्या घराचं झाड काढलं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. मधोमध अक्काचा गोल. विचारलं, मायाक्कांना चैतालीशिवाय मूल झालं होतं का? चैतालीनं येडूचं सांगितलं. पांढरा पडला, पोट वाढलं, लोहाच्या बाटल्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग उचलून येडूचा चौकोन काढला, आजारी म्हणून तो काळा भरला आणि गेला म्हणून त्यावर तिरकी रेघ मारली.

येडूला थॅलेसेमियाच होता. मुलाला तो व्हायचा तर आई आणि बाप दोघंही वाहक असावेच लागतात. म्हणजे अक्का वाहक, हे येडूनं अठरा वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. अक्काला ते आमच्या आईकडून नाहीतर अप्पांकडून आलं. त्याच दोघांचा मी मुलगा. मी वाहक असण्याची शक्यता पंचवीसात एक कधी नव्हतीच, निम्मी होती. छापा की काटा. मी नाण्याला पंचवीस बाजू दिल्या.

तिचं रक्त तिचं, माझं माझं, असं मी लिहिलं होतं. परत पान उलटून वाचलं. तिचं रक्त माझ्या बहिणीचं आहे. एकाच शेतातल्या दोन गोण्या. आफरीनचे अब्बा दुसरी गोणी उघडायला महिना लावत नाहीत.

आता पोटातल्या बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. पुण्याला जाऊन पोटात सुई घालून पाणी काढायचं, तपासायला पाठवायचं आणि वाट बघायची. मॅडम म्हणाल्या, जानेवारीतच कळलं असतं तर तपासणी लवकर होऊन आजवर उत्तर हातात असतं. मी मान खाली घालून ऐकलं. चैतालीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

११ मार्च, मंगळवार

काल पुणे झालं. सुई आत जाताना ती माझं बोट धरून होती, ओरडली नाही. तिथल्या बाईंनी सांगितलं, मुलगा की मुलगी ते सांगणार नाही, कायदा आहे. आम्हाला कुठं ते विचारायचं होतं? येताना रेल्वेत ती खिडकीला डोकं लावून झोपली. कुर्डुवाडीला चहा घेतला, तो हातातच गार झाला.

मला हल्ली कुठल्याही तासाला काही सुचत नाही. फळ्यावर गुणाकाराचं चिन्ह काढण्याआधी उदाहरण दोनदा वाचतो.

१६ मार्च, रविवार

अक्का परत वळसंगहून आलीय, तिला सांगावंच लागलं. चैतालीनं सांगितलं, मी नुसता बसून होतो. येडूचं नाव आलं तेव्हा अक्का हातातला कांदा चिरायची थांबली. दृष्ट नव्हती हे तिला मनापासून पटलं, आणि पटल्यावर ती जास्तच म्हातारी दिसायला लागली. आजार आपल्याच रक्तातला, याची तिनं आधी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग विचारलं, आता या बाळाचं काय? मी चारात एक समजावलं. चार कवड्या ठेवल्या तिच्यापुढं, एक उलटी केली.

अक्कानं कवड्यांकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. उलटी कवडी उचलून तिनं बाजूला ठेवली. म्हणाली, "मग झालं की. आमच्या घरातलं चारातलं एक येडूनं नेलं. आता ऱ्हायलेली तिनी चांगली."

मी तिथंच गप्प राहायला हवं होतं. पण वीस वर्षं माझ्यात मुरलेला मास्तर बोलला. सांगितलं, अक्का, तसं नसतं. प्रत्येक बाळाच्या वेळी चारी कवड्या परत येतात. येडूला झालं म्हणून याचं टळत नाही, आणि त्याला झालं नसतं तरी याचं तेवढंच राहिलं असतं. गड्ड्यातलं चाक सांगितलं, चाकाला आठवत नसतं म्हणून.

तिनं ती कवडी मुठीत धरली. मग म्हणाली, "म्हंजे माझा येडू गेला, त्याचं काईच धरायचं न्हाई?"

गणितात धरायचं नाही. एरवी काय धरायचं ते मला शिकवलेलं नाही. अक्का उठली, परत कांदा चिरायला घेतला. डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त म्हणूनच घेतला असेल.

२४ मार्च, सोमवार

चैताली म्हणाली, आतून कुणीतरी टिचकी मारल्यासारखं झालं. दुपारी परत झालं. तिनं माझा हात नेऊन ठेवला, मला काहीच लागलं नाही. मी लागल्यासारखं केलं. जानेवारीतच रक्त दिलं असतं, तर ही टिचकी यायच्या आधी आम्हाला सगळं कळलं असतं. याच्याएवढं स्वच्छ उत्तर मी आयुष्यात काढलं नसेल.

पुण्याहून अजून फोन नाही.

२९ मार्च, शनिवार

फोन आला. बाळाला आहे.

फोन माझ्या हातात होता आणि मॅडम बोलत होत्या. मी 'हं, हं' म्हणत होतो. चैताली भिंतीला टेकून माझं तोंड बघत होती, तिला विचारावं लागलं नाही. आपल्याला चारातलं तेच एक का, याचं कारण नसतं. मी पोरांना हेच शिकवतो की कारण नसतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. समोरच्या घरांवर गुढ्या आहेत. आमची काठी जिन्याखाली.

सकाळी मॅडमनी सुट्टी असून बोलावलं. सगळं घाई न करता सांगितलं. दर महिन्याला रक्त देऊन मुलं वाढतात, शाळेत जातात, मोठी होतात, आता औषधं आहेत, पुढं अस्थिमज्जा बदलायचा मोठा उपायही आहे पण तो सगळ्यांना जमतोच असं नाही. ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, चैतालीनं आधी ठरवावं, आणि ठरवायचं ते लवकर. त्यांच्या ओळखीनं आम्ही रक्त चढवतात तो वॉर्डही बघून आलो. एक मुलगी रक्ताची नळी लावलेल्या हातानं चित्र रंगवत होती. तिच्या आईनं आम्हाला बसायला स्टूल दिलं आणि चैतालीच्या पोटाकडे बघून काही विचारलं नाही.

मी चैतालीला म्हणालो, तू म्हणशील ते. हे मी मोठेपणानं म्हणालो नाही, मला काही म्हणताच येत नव्हतं. संध्याकाळी तिनं दिवा लावला. मग म्हणाली, त्या बाईचं बळ माझ्यात न्हाई. येडूला रात्रभर मांडीवर घेऊन मीच बसायची, सात वर्षांची होते, तो लई हलका होता. ते परत मला जमणार न्हाई.

अक्का दाराशी उभी होती. तिनं ऐकलं आणि आत निघून गेली. आम्हा तिघांत कुणीही कुणाला दोष दिला नाही. कुणीतरी द्यायला हवा होता, मला तरी.

३ एप्रिल, गुरुवार

झालं. फार वेळ लागला. पाचवा महिना असल्यामुळे असंच असतं, नर्स म्हणाली. महिना दीड महिना आधी असतं तर सोपं गेलं असतं. तिला माहीत नव्हतं कुणाला सांगतेय ते.

बाहेरच्या बाकावर मी होतो आणि अक्का होती. अक्कानं पदरातून ती कवडी काढली, बघितली, परत गाठ मारली.

७ एप्रिल, सोमवार

कॉलेजला गेलो. आफरीननं विचारलं, सर, बरं नव्हतं का? म्हणालो, होय. तिनं त्या गोण्यांचं उत्तर मला परत विचारलं, तिला घरी अब्बांना सांगायचं होतं. मी सांगितलं, तुझे अब्बा बरोबर आहेत. ती खुश झाली.

१२ एप्रिल, शनिवार

मॅडमकडे जाऊन आलो. चैतालीची तब्येत बरी आहे. पुढच्या वेळी दिवस राहिल्याबरोबर या म्हणाल्या, लगेच तपासू. चैतालीनं फाइल पिशवीत घातली. घरी आल्यावर अक्कानं तिला तेल लावून न्हाऊ घातलं आणि स्वतः वळसंगला निघून गेली. घर मोकळं झालं.

तिन्हीसांजेला चैताली पलंगावर पडून होती, केस ओले. छताकडे बघत विचारलं, "पुढच्या टायमाला किती?" मी म्हणालो, चारात एक. "परत तेवढंच?" तेवढंच. "ह्याचं काईच धरायचं न्हाई?" मी नाही म्हणालो, कारण नाही हेच उत्तर आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, तिनं पुसलं नाही.

मग म्हणाली, "मामा, एकदा तरी चुकीचं सांगा की."

मी तिचा हात हातात घेतला. वर्गात ज्या उत्तराला मी आजवर शून्य देत आलो, ते सांगितलं. म्हणालो, चारातलं एक होऊन गेलं, चैताली. आता राहिलेली तिन्ही चांगली.

तिनं डोळे मिटून ऐकून घेतलं. म्हणाली, परत सांगा.

परत सांगितलं.